शालिग्रामनं टेप न केलेलं गाणं

उंद्रीच्या देवानंदचं झेरॉक्सचं दुकान दुपारी एक ते चार बंद असायचं, पण अर्ध्या शटरमागे तो असायचाच. जयंती आठवड्यावर आली होती. पंचक्रोशीत भीमगीतं म्हणावीत तर देवानंदनंच, असं लोक म्हणायचे, आणि लोकांच्या दुप्पट तो स्वतः म्हणायचा. त्या दुपारी काम साधंच होतं. साखरखेर्ड्याहून आणलेली डिस्क कॉम्प्युटरला लावायची आणि तिच्यातली गाणी आपल्या लायब्ररीत घ्यायची.

डिस्क शालिग्रामची. माणूस माघात वारला. चाळीस वर्षं तो गावोगाव टेप घेऊन हिंडला, गायकांना समोर बसवून गाणी भरून घेतली, आणि पुढे सगळं या डिस्कवर चढवलं. प्रत्येक गाण्याआधी त्याचा कोरडा आवाज यायचा: गायक अमुक, गाव अमुक, तारीख अमुक. त्यानं देवानंदचा बाप कडूबा टेप केला, सुराशी सोयरीक नसलेले चार-दोन जणही केले. देवानंदला मात्र कधी बोलावलं नाही. वीस वर्षं हे देवानंदच्या पोटात दुखत होतं, आणि शालिग्राम मेला तरी थांबलं नव्हतं.

डिस्क घेताना त्यानं शालिग्रामच्या बायकोला, रुख्मिणीला, विचारलंच होतं.

“साऱ्यायले टेप केलं भाऊनं. मलेच काऊन नाही, वहिनी?”

रुख्मिणीनं पदर सारखा केला. “तुमचं गानं त्याइले लय आवडे, भाऊ... म्हनूनच नाही केलं.”

“हे कोनतं कारन झालं?”

“कडूबाबाचं टेप केलं...” ती हळूच म्हणाली. “त्याच्यानंतर ते कधी गायले का?”

बाबांचा गळा बिडीनं बसला, हे देवानंदला ठाऊक होतं. नुकत्याच नवरा गेलेल्या बाईशी काय वाद घालायचा, म्हणून त्यानं डिस्क पिशवीत टाकली.

दुकानातला कॉम्प्युटर म्हातारा होता. विंडोज पेलवेना म्हणून चिखलीच्या मेकॅनिकनं त्यात लिनक्स टाकलेलं. त्यावरच्या लायब्ररीची रीत सरळ होती. डिस्क लावली की गाणी यादीत काळ्या अक्षरांत दिसायची. काढली की नुसती नावं उरायची, करडी, दाबली तरी न वाजणारी.

त्यानं डिस्क कापडी पिशवीतून काढली, तसा शालिग्रामच्या तंबाखू-चुन्याचा वास आला. यादी भरली. अकराशे चाळीस गाणी. त्यानं पहिल्यांदा काय शोधलं असेल? स्वतःचं नाव. ते नव्हतंच. सगळीकडे एकच ओळ: रेकॉर्डिंग, शालिग्राम.

देवानंदच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं सगळी गाणी एकदम निवडली, शालिग्रामचं नाव पुसलं आणि तिथे ‘देवानंद’ लिहिलं. मग डिस्क काढून ड्रॉवरमध्ये टाकली. फार बरं वाटलं त्याला.

यादी करडी पडली. एक ओळ सोडून.

गायक, देवानंद. रेकॉर्डिंग, देवानंद.

मघाशी ही ओळ नव्हती. फाइल कुठं आहे ते त्यानं पाहिलं, तर पत्ता डिस्कचाच होता. ड्रॉवर उघडून पाहिला. डिस्क तिथंच होती, वायर गुंडाळलेली. त्यानं गाणं लावलं.

आधी टेपची खरखर. मग कोणीतरी खाकरलं. पत्रा तापलेला, पंखा फिरत होता, तरी त्याच्या हातांना गारवा लागला.

“गायक देवानंद. गाव उंद्री. तारीख सात एप्रिल...”

आज सातच होती. पुढे नुसती खरखर, आणि गाण्याची लांबी सेकंदा-सेकंदानं वाढत होती. तंबाखूचा वास अगदी कानाजवळ आला.

“देवा... नको गाऊ बे...”

माणूस भ्याला असता. देवानंद भ्यालाही, पण भीतीच्या आधी जुनी आग उठली. मेला तरी ह्याले माहं गानं नको! तो ताठ बसला आणि गायला. आयुष्यात तसा गायला नव्हता. गाणं संपलं तेव्हा आकडा थांबला: सहा मिनिटं बारा सेकंद.

शटरखालून त्याची बायको धम्मशीला वाकून आत आली. “कोनाचं गानं लावलं होतं हो? अंगावर काटा आला माह्या.”

‘माहंच’ म्हणायला त्यानं तोंड उघडलं. आतून नुसती खरखर आली.

डॉक्टर झाले, काढे झाले. जयंतीला शेवटी धम्मशीलानं कॉम्प्युटरच मंडपात आणला आणि ते गाणं लावलं. माणसं रडली. देवानंद कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ बसला होता. गाणं संपलं आणि त्याला आकडा दिसला: सहा मिनिटं नऊ सेकंद. वाजता वाजता तीन सेकंद झिजले होते.

“वन्स मोअर!” मंडप ओरडला.

देवानंद दोन्ही हात हलवून नको नको म्हणत राहिला. धम्मशीलाला वाटलं, नवरा आज पहिल्यांदाच लाजला. तिनं हसत पुन्हा बटण दाबलं.