हातभर कमी

त्याच्या गळ्यातला रुमाल राहू द्या, पोरांनो. हात लावू नका म्हणतो तर लावू नका. उजाडेपर्यंत आपल्याला या मयताजवळ बसायचंच आहे, तेव्हा तो बिअरचा घडा सरकवा इकडं आणि हा थर्स्टन मेणबत्तीवाला जन्मभर एकटा का राहिला ते ऐका. बरंचसं त्यानंच मला सांगितलंय, थोडं मी डोळ्यांनी पाहिलंय.

तुम्ही याला म्हातारा आणि घुमा असाच पाहिलात. तरुणपणी दिसायला बरा होता, हाताला गुण होता. पण ऑस्बर्नचं नाव निघालं की याचा जीव जळायचा. ऑस्बर्न म्हणजे आपल्या गावचा तिरंदाज. रविवारी सगळे मैदानात धनुष्य घेऊन जमायचे. ऑस्बर्नचा बाण बरोब्बर मध्ये, याचा पलीकडच्या पाणथळीत.

"काय रे चरब्या," हा चरबीच्याही मेणबत्त्या करायचा म्हणून ऑस्बर्न ओरडायचा, "बेडकांनी काय घोडं मारलंय तुझं?"

सगळे खो खो हसायचे. तेही याला चाललं असतं, पण त्यांत एस्ट्रिल्ड हसायची. थर्स्टनचा तिच्यावर जीव होता. तिनं लग्न केलं ऑस्बर्नशी.

पुढं राजानं फ्रान्सवर स्वारी काढली आणि ऑस्बर्नला बोलावणं आलं. निघायच्या आदल्या दिवशी एस्ट्रिल्ड दोरा घेऊन थर्स्टनच्या दुकानात आली. आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. माणसाला टाळूपासून टाचेपर्यंत दोऱ्यानं मापायचं, त्या दोऱ्याची वात घालून मेणबत्ती करायची आणि वेटोळं करून चर्चमधल्या संत बोटोल्फच्या मूर्तीच्या पायाशी लावायची. जेवढी वात, तेवढ्या अंगाची राखण संत करतो. टाळूकडच्या टोकाला एस्ट्रिल्डनं लाल लोकर गुंफून गाठ मारली होती.

"नीट कर हं, थर्स्टन," ती म्हणाली. "मापताना सारखा हसत होता मेला. गुदगुल्या होतात म्हणे!"

ती गेली. हा दोरा मांडीवर घेऊन बसला. केवढा उंच होता ऑस्बर्न! टाळूला हात पुरवायला ती टाचा उंचावून उभी राहिली असेल, त्याच्या छातीला टेकली असेल. ते सगळं याच्या डोळ्यांपुढं आलं आणि सोसवेना. त्यानं कात्री घेतली, गाठीकडून हातभर दोरा कापला आणि चुलीत टाकला. लोकर जळल्याचा वास येईपर्यंत तिथंच बसून राहिला. कापलेल्या जागी साधी वात जोडली. मेणाच्या आत कोण बघायला जातंय?

दुसऱ्या हिवाळ्यात बातमी आली, ऑस्बर्न पडला. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता म्हणे. फक्त गळ्यातून भाला आरपार.

"वाईट वाटलं का रे?" मी नंतर याला विचारलं होतं.

"आधी हायसं वाटलं," हा म्हणाला. खरं बोलला.

वर्षभरानं एस्ट्रिल्ड लग्नाला कबूल झाली. पण मेलेल्या माणसाचाही हेवा वाटू शकतो, पोरांनो. तिच्या घरात खुंटीवर ऑस्बर्नची टोपी तशीच होती. हा म्हणायचा, काढ ती. ती म्हणायची, काढू की सवडीनं. याला अन्न गोड लागेना. पाद्रीबाबांनी चर्चमध्ये लग्न दोनदा जाहीर केलं होतं. तिसऱ्यांदा मेणबत्त्यांच्या सणाला, सगळं गाव चर्चमध्ये मेणबत्त्या पेटवतं तेव्हा, करायचं, कुणाची हरकत निघाली नाही की झालं. हा तेवढ्यासाठी दिवस मोजत होता.

सणाची आदली संध्याकाळ. मंगळवार होता, अमावास्या. मी नुकतीच घंटा वाजवून खाली उतरलो होतो. हा मेणबत्त्यांचा भारा पाठीला बांधून बांधावरून चर्चकडे निघाला. दोन्हीकडे पाणथळ, पाण्यावर बर्फ धरलेला. स्वारी खुशीत होती. शीळ घालत चालली होती.

जरा वेळानं मागूनही शीळ आली.

गावातलं कुणी असेल म्हणून हा थांबला. शीळही थांबली. चालू लागला. पुन्हा आली. पण तिला सूर नव्हता. नुसती हवा. आत… बाहेर…

"कोण आहे?"

…

"कोण ते? बोल की!"

आत… बाहेर… भोकातून निघावी तशी.

मग याला कळलं. बोलायला गळा लागतो.

पळायचं होतं. पाय हलेनात. टाळूवर काहीतरी टेकलं. बोट. गार. ते पाठीवरून उतरू लागलं. सावकाश. टाचेपर्यंत. मापत होतं… मग वर आलं. मानेशी थांबलं.

"ऑस्बर्न…"

शीळ कानाशी आली.

"ऑस्बर्न, ती आता… ती माझी…"

शीळ बंद झाली.

चर्चचं दार मीच उघडलं. हा भाऱ्यासकट आत कोसळला. रुमाल दोन्ही हातांनी गळ्याशी आवळून धरलेला. "थंडी वाजतेय," एवढंच म्हणाला. रात्रभर वेदीपाशी पडून राहिला, रुमाल काही सोडला नाही.

सकाळी चर्च उजेडानं भरून गेलं. एस्ट्रिल्ड याच्या शेजारी उभी राहिली. याच्या ज्योतीवर तिनं आपली मेणबत्ती लावली, तेवढ्यात मेणाचा थेंब याच्या रुमालावर सांडला.

"दे इकडं, खरवडते," ती कुजबुजली आणि यानं अडवायच्या आत रुमाल ओढून घेतला.

पाद्रीबाबांनी लग्न तिसऱ्यांदा जाहीर केलं. "कुणाची हरकत आहे?"

एस्ट्रिल्ड याच्या गळ्याकडे बघत होती. गळ्याभोवती दोरा होता. हातभर. पुढं गाठ, लाल लोकर गुंफलेली. जळल्याची खूण कुठंच नाही.

"ही गाठ माझी आहे," ती म्हणाली.

हा खाली बघत राहिला. ते पुरेसं होतं. तिनं दोन बोटांनी गाठ सोडली, दोरा मुठीत घेतला, मेणबत्ती फुंकली आणि चालू लागली. घरून फक्त ती टोपी घेतली आणि समुद्राकाठी बहिणीकडे गेली. परत कधी आली नाही. गेल्या साली तिथंच वारली. दोरा तिच्या मुठीत ठेवूनच पुरलं तिला, बहिणीच्या मुलानं स्वतः मला सांगितलं.

…

आज सकाळी याला अंघोळ मी घातली. रुमाल सोडला… आणि होता तसा परत बांधला.

दोऱ्याची गाठ तीच आहे, पोरांनो, लाल लोकरीची. या खेपेला आवळून मारलेली आहे.