निळ्याविना नदी

निळा रंग संपला होता आणि नदी अजून काढायची होती.

मंगळावरच्या वसाहतीत पुढचं मालवाहू यान यायला चार महिने होते. ऋताला मात्र भोजनगृहाच्या भिंतीवरचं चित्र आज संध्याकाळपर्यंत पुरं करायचं होतं. भाजीघर सांभाळणाऱ्या तुळसामावशींना आज सत्तर वर्षं पूर्ण होत होती. त्यांचं लहानपण कोयनेच्या काठी गेलं होतं आणि गेल्या वीस वर्षांत त्यांनी नदी पाहिली नव्हती.

"नदी करड्या रंगाने काढ," छटाक म्हणाला. छटाक हा वसाहतीतला रंग तपासणारा यंत्रमानव.

"करडी? डांबरी रस्ता वाटेल ती."

"नारंगीच्या शेजारी लावून तर बघ."

ऋताने काळा आणि पांढरा मिसळला. एक पट्टा पांढऱ्या कागदावर ओढला, दुसरा नारंगी कागदावर. पांढऱ्यावरचा करडाच राहिला. नारंगीवरचा चक्क निळसर दिसू लागला.

"तू गुपचूप काहीतरी मिसळलंस."

"मग तपास."

तिने एका कागदाला दोन भोकं पाडली आणि तो दोन्ही पट्ट्यांवर ठेवला. आता आजूबाजूचं काही दिसत नव्हतं. भोकांतून दिसणारे दोन्ही रंग अगदी सारखे होते.

"मेंदू कुठलाही रंग एकटा पाहत नाही, शेजाऱ्याशी ताडून पाहतो," छटाकने समजावलं. "भोवती नारंगी असला, की करडा त्याच्या पूरक रंगाकडे (रंगचक्रात अगदी समोर बसणाऱ्या रंगाकडे) झुकल्यासारखा वाटतो. नारंगीच्या समोर निळा असतो."

"तुलाही निळा दिसतोय?"

"नाही. माझा रंगमापक (रंग मोजणारं उपकरण) दोन्हीकडे करडाच सांगतो. ही गंमत फक्त तुम्हा माणसांना दिसते."

ऋताला हसू आलं. तिने दोन्ही काठांवर मावळतीचं नारंगी ऊन पसरलं आणि मधून करडी नदी सोडली. पाणी निळं झालं. पण आधीच काढलेली झाडं मात्र दुसऱ्याच चित्रातून कापून आणल्यासारखी वाटत होती.

"यावर काय करायचं?" तिने विचारलं.

"मी रंग मोजतो, चित्र जुळवणं तुझं काम," छटाक म्हणाला.

ऋता दोन पावलं मागे सरली. नारंगी ऊन काठावर पडलं होतं, मग झाडांवर का नाही? तिने झाडांच्या हिरव्यात थोडा नारंगी मिसळला आणि नदीचा करडा डोंगरांच्या सावल्यांत नेला. हळूहळू सगळे रंग एकमेकांचे नातेवाईक झाले. एकाच संध्याकाळी, एकाच उजेडात उभं असलेलं गाव भिंतीवर दिसू लागलं.

तुळसामावशी आल्या आणि दारातच थबकल्या. मग पुढे होऊन त्यांनी पाण्यावर अलगद हात ठेवला.

"दिवस कलला की आमचं पाणी असंच दिसायचं गं," त्या म्हणाल्या. "इतका निळा कुठून आणलास?"

ऋताने सगळं सांगितलं. मावशी इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नदी कधीच न पाहिलेली वसाहतीतली मुलं भोवती जमली होती. त्यांना आता पाण्यात होडी हवी होती. मावशींनी स्वतःच कुंचला उचलला.

"कुठल्या रंगाची काढू?"

ऋता त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"आधी ती कुणाच्या शेजारी बसणार ते ठरवू, मावशी."