कोणासाठीही थांबायचं नाही

हेल्मेटच्या अस्तरावरून बोट फिरवलं आणि फौजदार चारुलताचं बोट पेटलं. कुंकू कसलं, मिरचीपूड होती ती!

हेल्मेट हेमकांतचं. त्याच्या पुढारपणाखाली तळोद्याहून कन्याकुमारीला दहा मोटारसायकली निघाल्या होत्या. सातपुड्यातल्या पाड्यांना बाइक-अँब्युलन्स मिळावी म्हणून वाटेत मदत मागायची होती. सकाळी हेल्मेटांना हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. दोन किलोमीटरवर वाऱ्याने पूड डोळ्यांत गेली आणि हेमकांत गाडीसकट नाल्यात कोसळला. पाय मोडला. डोळे वाचतील की नाही, डॉक्टर सांगत नव्हते.

"पाणी नका लावू, मॅडम," मोहिमेच्या कार्यालयाच्या अंगणात बसवून ठेवलेला गोवाल म्हणाला. "पाण्यानं आग जात नाही. तेल लावा."

तो मिरची वाळवायच्या पथारीवर कामाला. पहिली अँब्युलन्स त्याच्याच पाड्याला मिळणार होती, तरी लोकांनी संशयाने त्यालाच धरलं होतं.

"तू नाल्यापाशी कसा?"

"नारळ बघून कामाला निघालेलो. माणूस पडला, म्हणून थांबलो. पाठीवर दवाखान्यात नेला."

"बाकीच्या गाड्या?"

"पुढे गेल्या."

चारुलता आत गेली. कार्यालयाच्या भिंतीवर प्रवासाचा आराखडा होता. मुक्काम, पेट्रोल, आणि खाली हेमकांतच्या अक्षरात: 'कोणासाठीही थांबायचं नाही.' आणि म्हणे पुण्यकार्य! आराखडा करणारा ललित खाली बसला होता. डिसेंबरची थंडी, तोंडातून वाफा निघत होत्या, आणि हा गार पाण्याची बाटली दोन्ही हातांत आवळून!

"पूजाले हेल्मेट कोनी मांडात?" चारुलताने त्याला अहिराणीत विचारलं.

"मीच. पन मिरची गोवालनी शे. पथारीवर तोच ऱ्हास."

चारुलताने गोवालला आत बोलावलं. दोघांचे तळवे शेजारी धरले. गोवालचे राकट, कोरडे. ललितचे लालबुंद, धुऊन धुऊन सुरकुतलेले.

"पथारीवरना मानूस मिरचीले हात लावाना पहिले तेल लावस," ती म्हणाली. "आग व्हयनी तरी पानी घेस नही. तू सकायपासून पानीच धरी बसेल शे. कुंकूमा लाल पूड कोनले दिसाव नही, हे पूजा मांडनाराले ठाऊक व्हतं. आते सांग, कसाले?"

ललितने भिंतीवरच्या त्या ओळीकडे पाहिलं.

"मांगना साले मन्हा भाऊ जगदीश याच मोहिमेमा कोरीट गावनाजोडे पडना. हेमकांतनी आरसामा दखं. थांबना नही. अर्धा तास जीव व्हता जगदीशमा. मंग वरीसभर हेमकांतना मुक्काम मी आखात, या दोन किलोमीटरसाठी. त्यानी एकटं पडानं व्हतं. कोनी थांबाले नको व्हतं!"

"आनि जो थांबना, त्यालेच तू तुरुंगमा धाडी ऱ्हायना?"

गोवालने कोपऱ्यातली पूजेच्या तेलाची वाटी उचलली आणि ललितपुढे धरली.

"लाव, भाऊ. आग जाईल."

ललितने हात मागे घेतले.

"नको. हेमकांतना डोयानी आग चालू शे तवलोंग मन्ही बी ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "मॅडम, गोवालले सोडा. हातकडी माले घाला."