बहिःशाल म्हणजे कुठली शाल?

शंभरपैकी शहाण्णव गुण मिळालेली गोष्ट बिघडलेली असू शकते का?

निशूच्या मते असूच शकत नव्हती. तिला स्वतःला गणितात एकदाच, फक्त एकदाच, शहाण्णव मिळाले होते आणि तेव्हा आईने तरीवरच्या प्रत्येक माणसाला पेढा दिला होता. (तर म्हणजे खाडी ओलांडून नेणारी होडी. आमच्याकडे हाच शब्द चालतो.) आणि इथे करंजबंदर कॉलेजच्या वेबसाइटला शहाण्णव मिळाले होते, तरीही आईला तिच्यावर परीक्षेचा फॉर्म काही केल्या सापडत नव्हता. आता बोला!

निशूचं पूर्ण नाव निशिगंधा मयेकर, वय अकरा. सन २०४६ मधली ही गोष्ट. तिची आई सायली सुरूबंदरच्या खाडीवर उन्हावर चालणारी तर चालवायची. दिवसाला अठरा फेऱ्या. दोन फेऱ्यांच्या मध्ये जी दहा मिनिटं मिळायची, त्यात ती सुकाणूपाशी बसून फोनवर भूगोल शिकायची. बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं तिचं. कॉलेज खाडीपलीकडे पंचवीस किलोमीटर आत, म्हणून शिक्षण सगळं ऑनलाइन. भरती-ओहोटीवरचा धडा वाचताना तर ती मोठ्याने हसली होती. "अगं, हे मला पाण्याकडे बघून कळतं. ह्यांनी त्याला अकरा पानं घातलीत!"

अशी हुशार आई. पण गेल्या वर्षी फॉर्मची तारीख हुकली आणि एक वर्ष पाण्यात गेलं. या वर्षीची शेवटची तारीख होती शनिवार, संध्याकाळी पाच. आज गुरुवार.

"ऑफिसात फोन कर ना," निशू म्हणाली.

"केला. सारखा एंगेज."

"कॉलेजातल्या बर्वे सरांना विचार. रोज आपल्याच तरीने जातात ते."

आईने नजर पाण्याकडे वळवली. मग हळूच म्हणाली, "गेल्या वर्षी विचारलं होतं गं. ते म्हणाले, 'अहो, आहे की साइटवर!' आता परत कोणत्या तोंडाने विचारू?"

फोनमधल्या मदतनीसालाही विचारून झालं होतं. तो बिचारा साइटवर 'ऑनलाइन' हा शब्द शोधायचा आणि दर वेळी एकच पान उघडून द्यायचा: 'जुन्या बाकांचा ऑनलाइन लिलाव'. आईने तीन वेळा ती बाकं पाहिली. मग फोन पिशवीत टाकून ती म्हणाली, "राहू दे. मलाच जमत नाही. नाव काढून घेते कॉलेजातून."

आई असं काही बोलली की निशूला अजिबात सहन व्हायचं नाही.

नेमका तेव्हाच धक्क्यावरून एक यंत्रमानव तरीत चढला. पाण्याच्या पिंपाएवढा, निळा, पुढच्या बाजूला विद्यापीठाची पाटी. नाव 'मूल्यमापक-७'. मूल्यमापक म्हणजे एखादी गोष्ट किती चांगली आहे ते तपासून गुण देणारा. लहान लहान कॉलेजांच्या वेबसाइट ऑनलाइन विद्यार्थ्यांच्या कितपत उपयोगी पडतात, हे तपासत तो गावोगाव फिरायचा. एवढं लांब नाव कोण घेणार? तरीवरचे लोक त्याला मापू म्हणायचे.

"मापू!" निशू कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढे उभी राहिली. "करंजबंदर कॉलेजला शहाण्णव गुण तू दिलेस?"

"हो. परीक्षेचा फॉर्म आहे का? आहे. वेळापत्रक आहे का? आहे. ग्रंथालय, फी, तक्रारपेटी, सगळं आहे. फक्त एक फोटो उलटा होता, त्याचे चार गेले."

"मग माझ्या आईला फॉर्म का सापडत नाही?"

मापूचे दिवे एकदाच लुकलुकले. "मुख्य पान, विभाग, बहिःशाल, आवेदने, प्रपत्र तीन. हा घ्या. अर्धा सेकंद लागला."

निशूने वळून आईकडे पाहिलं. आईला आनंद व्हायला हवा होता ना? पण तिचा चेहरा आणखीच उतरला. "बघितलंस? अर्ध्या सेकंदात सापडलं त्याला. मी दोन वर्षं शोधतेय. अगं, आज ह्याने दाखवलं, उद्या हॉलतिकीट कोण दाखवणार? परवा निकाल? प्रत्येक वेळी कुणाच्या तरी तोंडाकडे बघायचं? नको बाई." आणि तिने दोरी सोडली. आईने दोरी सोडली की विषय संपला, हे निशूला ठाऊक होतं.

पण निशूही तिचीच मुलगी. ती मापूला ओढत तरीच्या मागच्या टोकाला घेऊन गेली. "बहिःशाल म्हणजे काय रे? बाहेर जाताना घ्यायची शाल?"

"नाही. बहिः म्हणजे बाहेर, शाला म्हणजे शाळा. वर्गाबाहेर राहून शिकणारा तो बहिःशाल विद्यार्थी. जुना आणि अगदी बरोबर शब्द आहे."

"म्हणजे ऑनलाइनवाले?"

"तेच."

"मग ऑनलाइन म्हणून का नाही लिहिलं?"

"मला दोन्ही शब्द सारखेच," मापू म्हणाला. "शिवाय मी साइट बाहेरून वाचत नाही, सगळी पानं एकदम आतून वाचतो. मला हरवताच येत नाही."

"आणि माणसाला?"

मापू थोडा वेळ घुंऽऽ करत राहिला. "माणसाला एका वेळी एकच पान दिसतं. त्याच्या डोक्यात एक शब्द असतो, तोच तो पडद्यावर शोधतो. जुळला की बोट पुढे जातं. नाही जुळला की..."

"की जुनी बाकं!" निशू म्हणाली. "मापू, खरं सांग. माझी आई ढ आहे का?"

"मोजल्याशिवाय मी काहीच सांगत नाही."

"मग मोज की!"

आणि मग ठरलं. मापूजवळ तपासणीची दुसरीही एक पद्धत होती, पण वेळ फार लागतो म्हणून ती कुणी वापरायचं नाही. तिचं नाव उपयोगिता चाचणी (वस्तू वापरणाऱ्याला खरंखुरं काम द्यायचं आणि त्याला ते जमतं का, हे नुसतं बघायचं). नियम तीनच. ज्यांना त्या कामाची खरोखर गरज आहे, तेच बसवायचे. सगळ्यांना काम एकच. आणि तिसरा सगळ्यात अवघड: बघणाऱ्याने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारचा बाजार, त्यामुळे तर भरून येणार होती. निशूने पुठ्ठ्यावर लिहिलं, 'करंजबंदर कॉलेजचे ऑनलाइन विद्यार्थी असाल तर मला भेटा. लाडू मिळेल.' आई म्हणाली, "कर काय ते, पण मला त्यात ओढू नकोस."

लाडवामुळे म्हणा किंवा कशामुळे म्हणा, दुपारपर्यंत सहा जण मिळाले. नारळ पाडणारा यशवंत होता, शिलाईवाली रुक्साना होती, पोस्टातून निवृत्त झालेले एक आजोबाही होते. दुपारच्या फेरीला बर्वे सर चढले. गोरेपान, काखेत छत्री, मराठी शिकवायचे. वेबसाइट त्यांनी स्वतः बनवली होती. रोज कॉलेज सुटल्यावर बसून, एक पैसा न घेता, एकेक शब्द निवडून. शहाण्णव गुणांचं प्रमाणपत्र ते पिशवीतच घेऊन हिंडायचे.

"चाचणी? जरूर करा!" सर म्हणाले. "सगळं आहे साइटवर."

"सर, पण बोलायचं नाही हं," निशूने बजावलं.

यशवंत बसला. निशू म्हणाली, "परीक्षेचा फॉर्म शोधा." मापूने घड्याळ लावलं.

यशवंतने मुख्य पान वर-खाली केलं. 'सूचना' दाबलं, मागे आला. शोधपट्टीत 'ऑनलाइन' लिहिलं, बाकं निघाली, मागे आला. 'विभाग' उघडलं. तिथे बहिःशाल हा शब्द समोर होता, आणि त्याचं बोट त्याच्या वरून सरळ खाली निघून गेलं.

"अहो, तो काय—" सर उसळले.

"सर!"

सरांनी छत्रीची मूठ दातात धरली. मापूचीही काही वेगळी गत नव्हती. उत्तर आतून फुगून फुगून त्याचा निळा दिवा जांभळा झाला होता. शेवटी निशूने आपली टोपी त्याच्या बोलण्याच्या जाळीवर घातली.

चार मिनिटांनी यशवंतने फोन खाली ठेवला आणि ओशाळं हसला. "मलाच जमत नाही बहुतेक."

मग रुक्साना. सहा मिनिटं, नऊ चुकीची पानं. "मलाच कळत नाही यातलं." मग पोस्टातले आजोबा, चाळीस वर्षं लोकांना फॉर्म भरून देणारे! त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "वय झालं, मलाच उमगत नाही." सहापैकी एकीला सापडलं, तेही तिच्या भावाने वहीत रस्ता लिहून दिला होता म्हणून.

छत्रीची मूठ सरांच्या दातांतून कधीच सुटली होती. ते प्रत्येकाकडे आळीपाळीने बघत होते.

मापूच्या जाळीवरून टोपी काढल्यावर तो म्हणाला, "सहा माणसांवरून सगळ्या जगाचं सांगता येत नाही. पण त्यातले पाच जण एकाच दगडाला ठेचकाळले, तर तिथे दगड आहे एवढं नक्की. मी 'आहे का' एवढंच तपासत होतो. 'सापडतं का' हे तपासलंच नव्हतं. सर, आज मी या साइटला पस्तीस गुण देईन. आणि मी दिलेल्या शहाण्णवला शून्य."

सरांचा चेहरा पडला. निशूला एकदम वाईट वाटलं. किती जीव लावून केलं होतं त्यांनी! सर खाली बघत म्हणाले, "बहिःशाल. मला फार आवडतो हो तो शब्द. ऑनलाइन म्हणजे उसना शब्द वाटायचा. आणि मी शब्द निवडत बसलो, पण वाचणारं कोण आहे हे बघितलंच नाही. ऑफिसचा फोन सारखा का वाजतो, हे आज कळलं."

आई मात्र इतका वेळ सुकाणूपाशी पाठ करून उभी होती. निशू तिच्याजवळ गेली.

"आई, आपल्या धक्क्यावरच्या पाटीवर पूर्वी काय लिहिलेलं होतं?"

"तरीकडे."

"आणि पर्यटक काय करायचे?"

आईच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "वाचायचे, 'तरी, कडे?' आणि जायचे उलट्या बाजूला, मासे वाळवतात तिकडे."

"मग तू काय केलंस? त्यांना ढ म्हणालीस?"

"ढ कशाला म्हणू? त्यांना तर हा शब्दच माहीत नाही, त्यात त्यांचा काय दोष? मी रंगाचा डबा आणला आणि खाली लिहिलं, 'होडी इथून सुटते.'"

बोलता बोलता आई थांबली. तिने निशूकडे पाहिलं, मग त्या सहा जणांकडे. यशवंतच्या हातातला लाडू तसाच होता.

"अगं बाई," आई एवढंच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

सर उठले. "सायलीताई, गेल्या वर्षी मी तुम्हाला 'आहे की साइटवर' म्हणालो होतो ना? चुकलंच माझं. तुमचं वर्ष गेलं." मग त्यांनी छत्री काखेत मारली. "तुमचा तो रंगाचा डबा मला आता लागणार आहे."

"सर, पण तरीकडे मी पुसलं नाही हं," आई म्हणाली. "ते वरती आहेच. आता पोरं विचारतात, तर म्हणजे काय, मग मी सांगते."

सरांचा चेहरा असा उजळला म्हणता! त्या संध्याकाळी ते घरी जाऊन कामालाच बसले.

शनिवारी दुपारी तीन वाजता तर धक्क्याला लागली. पुढच्या फेरीला दहा मिनिटं होती. मापू हजर, सर हजर, आणि निशू आईच्या खांद्यावरून डोकावत. आईने पदराला हात पुसले आणि फोन काढला. या वेळी मापूने टोपी आपण होऊनच घालून घेतली.

मुख्य पान उघडलं. सगळ्यात वर मोठं बटण होतं: 'ऑनलाइन शिकता? इथे या.' त्याखाली बारीक अक्षरांत, 'म्हणजेच आमचे बहिःशाल विद्यार्थी.' आईने बटण दाबलं. आत पहिलीच ओळ होती, 'परीक्षेचा फॉर्म भरा. शेवटची तारीख शनिवार, संध्याकाळी ५.' आई एक क्षण थांबली. सरांनी छत्री दातात धरली. निशूने डोळे मिटून घेतले. पडद्यावर आईच्या बोटांची टकटक तेवढी ऐकू येत राहिली.

"मलाच..." आई म्हणाली.

निशूने पटकन डोळे उघडले. फोनवर हिरवी खूण होती, 'फॉर्म मिळाला. बैठक क्रमांक लवकरच कळवू.'

"...मलाच सापडला!" आई म्हणाली. "कुणाला न विचारता!"

मग काय, सरांनी छत्री उघडून डोक्यावर नाचवली, मापूची टोपी उडून खाडीत पडली, आणि आईने निशूला असं घट्ट धरलं की तिला श्वास घेता येईना.

"सापडायला अडतीस सेकंद," मापू म्हणाला. "नोंद केली. माझ्या यादीत आजपासून नवा प्रश्न, सगळ्यात वर: कुणाला न विचारता सापडलं का? पुढे मला आणखी एकशे बारा कॉलेजं तपासायची आहेत. सायलीताई, परीक्षा झाली की थोडा वेळ द्याल? मला असं माणूस हवं आहे ज्याला हरवता येतं."

"एवढंच ना?" आईने दोरी सोडत विचारलं. "ते मला मस्त जमतं."