कपाटाचं मागचं टोक

धाकट्याच्या कॉम्प्युटरवरच्या खेळात एक लोखंडी कपाट होतं आणि ते वरच्या मजल्यावरून जिन्याने खाली उतरवायचं, एवढंच. पुढचं टोक एकाने धरायचं, मागचं दुसऱ्याने. दोघा भावांनी मिळून दोघांसाठी रचलेला खेळ तो. मग थोरल्याने मोठ्या कंपनीत नोकरी धरली. "घर कुणीतरी चालवायला हवं ना रे," म्हणाला. धाकट्याने त्याला पळपुटा ठरवलं, बोलणं टाकलं आणि खेळ एकट्याने खेळायचा करून टाकला.

त्यातही कामचुकारपणा केलाच. मागचा हमाल मुळापासून उपटायचा तर सगळी वीण उसवावी लागली असती. त्याने तो फक्त दिसेनासा केला, हालचाल बंद केली आणि कपाट ओढत न्यायचं ठरवलं. या धंद्यात सगळे हेच करतात. काढलं म्हणतात आणि झाकून ठेवतात.

खेळ पारखायला पहिली आली खालच्या दुकानातली टेलरबाई. खेळ रचणाऱ्याने पारखणाऱ्याच्या मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, हा त्या कामाचा नियम. तिने दात-ओठ खात कपाट ओढलं. पहिल्या वळणावर मागचं टोक अलगद वर आलं. तिथे कुणी नव्हतं. पण कपाट तरंगत नव्हतं. पेलणाऱ्याची दमछाक व्हावी तसं हिंदकळत होतं.

"मागचा गुणाचा आहे हो," ती म्हणाली.

"मागचा कोण?" धाकट्याने नियम मोडला.

"उचलतोय तो. दिसत नाही, हे बरं केलंत. राबणारं माणूस घरात तरी कुणाला दिसतं?"

ती गेल्यावर त्याने सगळा खेळ उलटापालटा केला. टोक उचलायची आज्ञा कुठेच नव्हती. नंतर आलेल्या प्रत्येकाच्या हातात मात्र तेच घडलं. वळणाआधी कपाट जरा डावीकडे कलायचं. हे कलणं त्याच्या ओळखीचं होतं. लहानपणी गुडघा फुटल्यापासून थोरला कुठलंही ओझं असंच धरायचा.

म्हणजे दादा चोरून शिरतोय. सोडून गेला आणि वर उपकारही करतोय! धाकटा तडक त्याच्या घरी गेला.

वहिनीने दार उघडलं. "भावजी! रस्ता चुकलात वाटतं?"

थोरला खुर्चीत बसला होता. दोन्ही तळव्यांना फडकी गुंडाळलेली.

"बघा तुम्हीच," वहिनी म्हणाली. "टेबलाशी बसून कुणाच्या हाताला फोड येतात का? खांदाही काळानिळा झालाय. विचारलं तर नुसते हसतात."

थोरला हसला. "मरू दे गं. तुझं सांग रे. कपाट उतरलं का?"

"उतरतंय."

"सांभाळून. चौथ्या मजल्याचं वळण फार अरुंद आहे."

भांडण न काढताच धाकटा परत फिरला. खेळातला चौथा मजला त्याने थोरला गेल्यानंतर बांधला होता. थोरल्याने तो पाहिलेला नव्हता.

घरी येऊन त्याने कपाटाचं वजन शून्य केलं. कुणी बोटाने ढकललं तरी खाली जावं इतकं हलकं. दोन दिवसांनी वहिनीचा निरोप आला. यांच्या हातांचे फोड सुकले. आज स्वतःच्या हाताने जेवले.

त्याच आठवड्यात खेळ बाजारात आणणाऱ्या कंपनीच्या बाई फोनवर आल्या. "अहो, कपाट पुठ्ठ्याचं केलंत की काय? त्या वजनातच तर जीव होता. कुणीतरी सोबत आहे असं वाटायचं. आधीचं देणार असाल तर घेतो. नाहीतर राहू दे."

"त्यात एक दोष आहे," तो म्हणाला.

"तोच हवाय."

फोन ठेवून तो पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसला. एवढी वर्षं. नातेवाइकांचं ते 'अजून खेळच का?'. बरोबरीचे कुठल्या कुठे गेले. आधी टोक कुणी सोडलं? दादाने. हा हिशेब त्याला पटला. पटावा असाच मांडला होता त्याने.

वजन पूर्ववत केलं.

खेळ भर दुपारी बाजारात आला. खेळणाऱ्यांचा आकडा बघता बघता शेकड्यांतून हजारांत गेला. एवढी कपाटं एकाच वेळी जिना उतरत होती.

फोन वाजला. वहिनी.

"भावजी, हे ऑफिसातून मधेच आलेत. जिन्यात उभे आहेत. हात पुढे करून, वाकून. घामाने निथळतायत."

"डॉक्टरांना बोलवा."

"बोलवलंय. मी म्हटलं, अहो, जे काय असेल ते खाली ठेवा."

"मग?"

"म्हणाले, आधी धाकट्याला ठेवू दे."

पलीकडून वहिनी 'भावजी, भावजी' करत राहिली. "येतो," म्हणत त्याने फोन ठेवला.

पडद्यावर पहिली तक्रार येऊन पडली होती. 'खेळ झकास आहे. फक्त मागच्या माणसाच्या धापेचा आवाज फार येतो. मध्येच कण्हतोही. काही करता येईल का?'

खेळात माणसाचा एकही आवाज घातलेला नव्हता.

धाकट्याने खुर्ची पुढे ओढली आणि नम्रपणे उत्तर लिहिलं, 'कळवल्याबद्दल आभार. आवाज बंद करतो.'