आधी देवीला विचारलं

त्यानं बॅग आमच्या काट्यावर ठेवली, काट्यानं एकतीस किलो दाखवलं, आणि तो चक्क काट्यालाच म्हणाला, "सॉरी!"

डिचोलीच्या बाजारात आमचं भुसारी दुकान आहे. त्या काट्यावर तांदळाच्या गोणी चढतात, चवथीच्या आधी नारळ चढतात. परदेशी निघालेली बॅग पहिल्यांदाच चढली होती. बाहेर सर येऊन गेली होती. त्याच्या केसांतून पाणी गळत होतं, आणि तो दारात उभा राहून पाय पुसत होता... पुसतच होता.

"तेवीसच किलो चलतंत," तो म्हणाला. "आवशीन भरल्यान. काय काडू, तुमीच सांगा."

मी चेन उघडली. सोलं, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, कैरीचं लोणचं, उकडे तांदूळ, दोन शेकडा पापड आणि तळाशी आडाळा, म्हणजे आपली विळी.

"ही सुंगटां काडूया?"

"ती नको! एकदा थंय भाजलंय, तर आगीचो भोंगो वाजलो. सगळी बिल्डिंग रस्त्यार. बंबवालो इचारता, काय जळला? मी सांगलंय... माझां जेवण."

मी हसले. तोही हसला, आणि लगेच परत सॉरी म्हणाला.

त्याचं नाव परेश, गाव मये. लंडनपासून दीड तासावरच्या एका शहरात सहा वर्षं गोदामात नोकरी. चवथीला घरी आला होता, दहा दिवसांनी रविवारी परत जाणार. आजोबांच्या जन्मदाखल्यावर त्यानं पोर्तुगालचा पासपोर्ट काढलेला. पण पोर्तुगीज विचाराल तर पाव, मेज, जनेल म्हणजे खिडकी... संपलं! कागदावर पोर्तुगीज, तिथल्या शेजाऱ्यांना इंडियन, आणि मयेत 'लंडनवालो'. "मगे तुमी खरे खंयचे?" मी विचारलं. त्यानं इतका विचार केला की मलाच त्याची दया आली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. बॅगेसकट! त्या दिवशी पापड निघाले, तिसऱ्या दिवशी ते परत आत गेले. आमचे बाबा, गोकुळदासशेट, गल्ल्यावरून चष्म्याच्या वरून बघायचे आणि पुन्हा पेपरात तोंड घालायचे.

"काल काडलेलां आज परत कित्याक?" चौथ्या दिवशी मी विचारलं. 'तुमी' केव्हाच 'तू' झालं होतं.

"काटो बरोबर सांगता काय बघूक."

"काटो कधी चुकणा नाय."

"आणि काट्याफाटली?" काट्यामागं उभ्या माझ्याकडे बघत त्यानं विचारलं.

"ती पण नाय," मी म्हटलं, आणि त्याच वेळी कुणाच्या तरी साखरेत मीठ ओतलं.

तो तिकडच्या गमती सांगायचा. कचऱ्याला तीन रंगांचे डबे. चुकीच्या डब्यात केळ्याची साल टाकली म्हणून शेजारीण चिठ्ठी लिहून गेली, आणि खाली 'प्रेमपूर्वक'! शेजाऱ्याकडे जायचं तर आठवडाभर आधी विचारायचं. आणि इथं आल्यावर उलटं. डिचोलीत रस्ता ओलांडायला पांढऱ्या पट्ट्यांवर पंधरा मिनिटं उभा राहिला, कुणी थांबेना, शेवटी खनिजाच्या ट्रकवाल्यानं काच खाली करून विचारलं, "बाबा, बरां नाय काय तुका?"

मी हसायचे, आणि तो गेला की उदास व्हायचे. हे काय चाललंय मला कळेना. डिचोली सोडून मी कुठं जाणार नाही, हे मला दहावीपासून ठाऊक आहे. मग रविवारचं नाव काढलं की माझा हिशोब का चुकतो? आणि हा बाबा सगळं बोलतो, एवढंच का बोलत नाही?

गुरुवारी तो आला नाही. शुक्रवारीही नाही. मी काटा दोनदा पुसला.

शनिवारी सकाळी मयेच्या मालतीकाकी गूळ घ्यायला आल्या आणि माझ्याकडे बघून त्यांनी उसासा टाकला. "वायट वाटून घेव नको गे बाय. देवीचो प्रसाद डावो पडलो."

"कसलो प्रसाद?"

काकींचा हात गुळावरच राहिला. "म्हणजे... तुका म्हायत नाय?"

आमच्याकडे मोठं काही ठरवायचं तर देवीला प्रसाद लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आणि गाऱ्हाणं घालतात ते मोठ्यानं, देवळातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. बुधवारी भटजींनी खणखणीत आवाजात देवीला विचारलं होतं, की हा परेश डिचोलीच्या गोकुळदासांच्या सेजलला विलायतेला घेऊन जाऊ म्हणतो, तर न्यावी का? सगळ्या मयेला कळलं. देवीला कळलं. राहिले कोण, तर मी!

आधी आनंद झाला, मग लाज वाटली, मग असा संताप आला की बाबांना न सांगताच स्कूटर काढली.

तो मयेच्या तळ्याकाठी बसला होता. मला बघून धडपडत उठला.

"देवीक इचारलंस," मी म्हटलं. "माका इचारलंस?"

"देवी नाय म्हणाली... मगे तुका काय इचारू?"

"देवी नायच म्हणतली! माका थंय येवचाच नाय. तां देवीक कळला, तुका कळाक नाय!"

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे मी नको..."

"तुका नको कोण म्हणता? थंय नको म्हटलंय!" माझा आवाज एवढा चढला की होडीतली माणसं वळून बघायला लागली. "तू माका आवडतंस. सांगलंय, झाला?"

बारीक पाऊस सुरू झाला होता आणि आम्हा दोघांनाही आडोशाला जायचं सुचेना.

"मी हयसर इलंय तर?" त्यानं हळूच विचारलं. "कायमचो? उद्या जातंय, नोकरी सोडतंय, जानेवारीत येतंय."

हेच मला हवं होतं ना? मग आनंद व्हायचा सोडून मला भीतीच वाटली. उद्या हा इथं बसून त्या थंड देशासाठी झुरला, तर? दोष कुणाचा? मी तसं त्याला सांगूनही टाकलं.

परेशनं माझा ओला हात हातात घेतला.

"थंय रवान सहा वर्सां हयचो इचार केलो," तो म्हणाला. "हयसर रवान कधी थंयची आठवण इली... तर तुकाच सांगतलंय. रागावशीत?"

"रागावतलंय."

"आणि ऐकशीत?"

मी त्याच्याकडे पाहिलं. "ऐकतलंय," मी म्हटलं.