बायकांचा खेळ दोन वाजता

"डॉक्टर, ही तर लसूणघास आहे!"

वर्डा हॅसकेलनं काचेच्या पेटीला अगदी नाक टेकवलं होतं. पेटीत काळ्या मखमलीवर एक सुई, एक वाकलेला चमचा आणि मूठभर वाळका पाला मांडला होता. वर लाल अक्षरांत पाटी... ‘मृत्यूची पानं! हात लावू नये!’

पांढऱ्या डगल्यातला तरुण दचकून वळला. त्यानं आधी दाराकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"जरा हळू हो, मिस…"

"हॅसकेल. हळू कशाला? आमची गाय रोज खाते हे. अजून तरी तिनं कुणाचा खून केलेला नाही."

त्याला हसू आवरेना. हसला की त्याचा डावा गाल खोल जायचा, हे तिनं तेव्हाच पाहून ठेवलं. "पेटी मालकाची आहे," तो म्हणाला. "मी आपला भाषणापुरता."

"मग तुम्हाला माफ आहे," वर्डा म्हणाली, आणि कारण नसताना लाजली.

एकोणीसशे अडतीसचा जुलै होता. इंडियानातल्या क्लेटन फोर्ड गावात मक्याचा वास उन्हात इतका दाटायचा की श्वास जड व्हावा. त्या सोमवारी गॅड्सबी नावाचा खेळवाला मोटारीच्या मागच्या पेटीत सिनेमाची सात रिळं घालून आला होता. सिनेमाचं नाव ‘धुराच्या पाशात’. एक शाळकरी पोरगा मैत्रिणीच्या घरी गांजाचा एक झुरका मारतो, तिसऱ्या रिळात वेड्यासारखा नाचतो, पाचव्यात सुरा उचलतो आणि सातव्यात गजांमागं खदाखदा हसत बसतो. मधूनमधून नाचणाऱ्या पोरींच्या उघड्या पोटऱ्याही दिसायच्या. ते सगळं उपदेशासाठीच, बरं का!

असल्या खेळांची एक रीतच होती. बायकांचा खेळ दोन वाजता, पुरुषांचा सातला. नवरा-बायकोनं शेजारी बसून बघू नये इतकं ते भयंकर, असं गॅड्सबी सांगायचा. बायका घरी जाऊन तोंड मिटून बसत आणि मग नवरे धावत येत, हे तो सांगत नसे. मध्ये दिवे लागत. ‘थोर तज्ज्ञ’ डॉक्टर मेरिट कॉइल पंधरा मिनिटं बोलत आणि मग पिवळ्या पुस्तिका विकल्या जात. दाराशी एक नर्सही बसवलेली, कुणाला भोवळ आलीच तर म्हणून. नर्स प्रत्येक गावात नवी. गणवेश जिच्या अंगाला बसेल ती. क्लेटन फोर्डमध्ये तो बसला थेटरात तिकिटं फाडणाऱ्या वर्डाला.

आता बघा गंमत. आपल्या डोक्यावरची टोपी खोटी आहे, हे वर्डाला पक्कं ठाऊक. पेटीतली पानं खोटी, हेही तिनंच पकडलं. पण त्याच्या अंगावरचा डगला मात्र खरा, असं ती धरूनच चालली. हसू नका. माणसाला एखाद्या गोष्टीची फार गरज असली ना, की शहाणी माणसंही तपासून बघत नाहीत.

वर्डाला डॉक्टरची गरज होती. तिचा थोरला भाऊ ऑरिन तीन वर्षांपूर्वी मळणीयंत्रात सापडला. पाय वाचला, पण कळ राहिली, आणि कळेवर गावातल्या म्हाताऱ्या डॉक्टरनं मॉर्फिन दिलं. पुढं म्हातारा गेला, मॉर्फिन राहिलं. आता ऑरिन ते जिल्ह्याच्या गावी एका माणसाकडून चोरून आणायचा. तो कुणाला मारत नव्हता, नाचत नव्हता, हसत तर मुळीच नव्हता. लोकांची घड्याळं दुरुस्त करायचा, वर्डाला सफरचंदं सोलून द्यायचा, आणि दिवसेंदिवस वाळत चालला होता. आईबापांमागं तिला एवढा एकच जण उरलेला. नवे डॉक्टर किंबल सज्जन होते, पण त्यांच्या बायकोच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळं गाव जाणत होतं. एकदा फुटलं की ऑरिन तुरुंगात जाणार, ही वर्डाची खात्री.

आणि हा डॉक्टर तर शनिवारी गाव सोडून जाणार होता. मेरिटचे डोळे मऊ होते. तिला वाटलं, याला सांगावं… पण कसं?

"भोवळ आलेल्या बाईला पकडायचं कसं, दाखवा की," मंगळवारी ती म्हणाली.

"मागून. काखेत हात घालून. आणि आधी चष्मा काढायचा."

"कुणाचा?"

"तिचा!… माझा नाही."

"तुम्ही लावता?"

"वाचताना. पण डॉक्टरनं चष्मा लावून भाषण वाचलं, तर बायकांना वाटतं हा वाचूनच दाखवतोय."

"म्हणजे पाठ केलंय होय?"

"तुम्ही फार प्रश्न विचारता, नर्स."

"आणि तुम्ही एकाचंही धड उत्तर देत नाही, डॉक्टर."

बुधवारी खरंच एक जाडजूड बाई कोसळली. दोघं एकदमच धावले. तिच्या भल्यामोठ्या पाठीमागं त्यांचे हात एकमेकांत अडकले, आणि बाई शुद्धीवर येऊन पाणी मागायला लागली तरी सुटले नाहीत. "मला सोडा आता, मेल्यांनो," असं ती म्हणाली तेव्हा कुठं दोघं भानावर आली.

दुपारचा खेळ सुटल्यावर ती दोघं नदीकाठी बसली. त्यानं चेरीची ‘पाय’, म्हणजे चेरीचं सारण भरलेली भाजलेली गोड पोळी, आणली होती, तीही एकच तुकडा. "दुकानात एवढीच होती," तो म्हणाला. ते खोटं होतं, हे तिला कळलं आणि आवडलंही. मग वर्डानं धीर केला.

"डॉक्टर… माझ्या एका मैत्रिणीचा भाऊ आहे. त्याला मॉर्फिनची सवय आहे. तिनं काय करावं?"

ती श्वास रोखून त्याच्याकडे बघत होती. असं कुणी त्याच्याकडे आजवर बघितलं नव्हतं. ‘मला माहीत नाही’ एवढे तीन शब्द तेव्हा त्याच्या तोंडून निघते तर! पण निघाले नाहीत. त्यानं पिवळ्या पुस्तिकेचं नववं पान तोंडपाठ म्हटलं. "खोलीत ठेवायचं. बाहेरून कुलूप. तीन दिवस काहीही द्यायचं नाही, तो कितीही रडला, ओरडला तरी. मग माणूस मोकळा."

"एवढंच?"

"एवढंच," तो म्हणाला, आणि काठावरच्या झाडांवरून उडून तिच्या केसांवर बसलेला शेवरीसारखा पांढरा कापूस हलकेच काढला.

त्या संध्याकाळी तिनं ऑरिनला सगळं सांगितलं. ऑरिन स्वतःच्या हातानं खोलीची किल्ली तिच्या तळव्यावर ठेवून म्हणाला, "मी काहीही बोललो, शिव्या घातल्या, तरी उघडू नकोस, वर्डा. मला बाहेर यायचंय यातून."

तिनं उघडलं नाही.

गुरुवारी ती कामाला आलीच नाही. शुक्रवारी पावणेदोनला ती थेटरात आली ती सुजलेल्या डोळ्यांनी. मेरिट पडद्यामागं डगल्याची बटणं लावत होता.

"काय झालं? कुणी काही बोललं का तुला?" तो पहिल्यांदाच ‘तुला’ म्हणाला.

"काही नाही… चांगलंच झालं." ती हसायला गेली. "ती मैत्रीण नव्हती. मीच. ऑरिन माझा भाऊ. काल दिवसभर ओकत होता, दार बडवत होता. पाणीसुद्धा पोटात ठरेना. पण आज सकाळपासून शांत आहे. हाक मारली तरी ओ देत नाही. तुम्ही म्हणालात तसंच, मोकळा होतोय ना तो?"

मेरिटच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. बटण त्याच्या हातात तुटून आलं.

"वर्डा, मी डॉक्टर नाही."

"काय?"

"मी बूट विकायचो, ओहायोत. गॅड्सबीनं माझ्याकडून भाषण पाठ करून घेतलं. ती पुस्तिका कुणी लिहिली तेही मला माहीत नाही. मला काही म्हणजे काहीच माहीत नाही! तुमचा खरा डॉक्टर कुठं आहे?"

वर्डानं त्याच्या फाडकन तोंडात मारली. मग त्याचाच दंड घट्ट धरला.

"डॉक्टर किंबल फेरीला गेलेत," ती कशीबशी म्हणाली. "कुठं ते त्यांच्या बायकोलाच माहीत. आणि ती… बाहेर बसलीय. पहिल्या रांगेत."

गॅड्सबी आडवा आला. "कुठं निघालास? थेटर खच्चून भरलंय. तोंड उघडलंस तर मी बुडालो, आणि तू तर कायद्यानं आत जाशील, गाढवा!" मेरिटनं त्याला बाजूला सारलं. डगला काढून खाली टाकला आणि नुसत्या शर्टानिशी तो रंगमंचावर गेला.

तीनशे बायका पंखे हलवायच्या थांबल्या.

"मिसेस किंबल," तो म्हणाला. त्याचा तो मखमली आवाज कुठल्या कुठं गेला होता. "तुमचे यजमान आत्ता कुठं आहेत? मी डॉक्टर नाही. कधीच नव्हतो. माझं ऐकून कुणीतरी एका माणसाला कोंडलंय, आणि तो मरायला टेकलाय."

एकच गलका उडाला. "अगं बाई, हा डॉक्टर नाही?" "चोर मेला!" "पण कोण मरतंय? कुणाचं कोण?" मेरिटनं ओठ घट्ट मिटले. नाव काही तो सांगेना.

तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या नर्सनं डोक्यावरची टोपी काढली. ज्या गोष्टीसाठी वर्डानं तीन वर्षं पडदे ओढून ठेवले, शेजारपाजार टाळला, ती तिनं भरल्या थेटरात सांगितली. "माझा भाऊ. ऑरिन. तो मॉर्फिन घेतो. तुम्हाला इथं दाखवतात ना, तसला तो नाही हो… त्यानं तुमची घड्याळं दुरुस्त केलीत. मला त्याला वाचवायचंय. डॉक्टरांना बोलवा कुणीतरी!"

मिसेस किंबल उठल्या. आयुष्यात प्रथमच त्या कमी बोलल्या. "रीड्सच्या शेतावर आहेत. माझी मोटार बाहेरच आहे. तू भावाकडे पळ, पोरी, मी त्यांना घेऊन येते."

ऑरिन वाचला. अगदी थोडक्यात वाचला, डॉक्टर किंबलनी तसं स्पष्टच सांगितलं. घोट घोट पाणी, थोडं थोडं औषध, आणि पाच दिवस उशाशी कुणीतरी जागं. गॅड्सबी त्याच संध्याकाळी रिळं गुंडाळून पळाला. मेरिटला पळता आलं असतं, पण तो शेरीफच्या दारात जाऊन उभा राहिला. खोटा डॉक्टर बनल्याबद्दल त्याला तीन आठवडे कोठडी झाली.

वर्डा एकदाही त्याला भेटायला गेली नाही. गावातल्या काही बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं, काहींनी सूप पाठवलं. तिला दोन्हीचं फार काही वाटलं नाही. भावाच्या डोक्यावर हात ठेवून ती तासन् तास बसायची आणि त्या चेरीच्या ‘पाय’ची आठवण आली की स्वतःवरच चिडायची. आठवण मात्र रोज यायची.

डॉक्टर किंबलनी ऑरिनसाठी केंटकीच्या, व्यसन सोडवणाऱ्या सरकारी दवाखान्यात जागा मिळवली. चार महिने राहावं लागणार होतं. एकट्यानं जाण्याइतकी त्याच्या अंगात ताकद नव्हती, आणि वर्डाला काम सोडून चालणार नव्हतं.

"त्या बूटविक्याला सांग मला न्यायला," ऑरिन म्हणाला.

"त्याला? तुझा जीव घेत होता तो!"

"म्हणून तर. माझ्यासारख्यांबद्दल तो गावोगाव बोलत फिरला, वर्डा. एकदा माझ्याशी बोलू दे की."

बसच्या थांब्यावर मेरिट आला तेव्हा त्याची दाढी वाढलेली होती आणि अंगावर साधा मळका कोट होता. ऑरिनला त्यानं हात दिला, आत बसवलं, पायाखाली घोंगडी घातली. मग खाली उतरून वर्डासमोर उभा राहिला. हातातली टोपी नुसती फिरवत राहिला.

"मी तिथंच काम बघतो," तो म्हणाला. "झाडलोट, काहीही. तो बरा होईपर्यंत. नंतर… मी परत आलेलं तुला चालेल का?"

"मला अजून राग आहे, मेरिट."

"असणारच."

"रात्रंदिवस आहे." तिनं आपला उजवा हात पुढं केला. "कुलूप मी लावलं, माझ्या या हातानं. ते मी कधी विसरणार नाही. आणि तरी माझं प्रेम आहे तुझ्यावर… काय करू मी? दोन्ही आहे. आधी काय संपतं ते बघू."

त्यानं तिचा तोच हात दोन्ही हातांत धरला. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला.

"त्याला घेऊन ये," वर्डा म्हणाली. "दोघं मिळून या. एकटा येऊ नकोस."

बस धूळ उडवत निघाली. वर्डा चार पावलं बरोबर धावली. मागच्या खिडकीत ऑरिन हातवारे करकरून काहीतरी सांगत होता आणि मेरिट मान खाली घालून ऐकत होता.